मद्रासकडे पाठ

चिंचवड स्टेशनासमोरच्या इंद्रायणी फोटो स्टुडिओत एकोणसत्तर साली, ऐन गणपतीत, हंसाची मान गेली. हंस पडद्यावरचा. संगमरवरी जिना, जिन्याशी तळं आणि तळ्यात हंस असा तो पडदा श्यामच्या वडिलांच्या वेळेपासून मागच्या भिंतीवर होता. आकुर्डीपासून भोसरीपर्यंतच्या किती नवरानवरींनी त्या जिन्यापुढे उभं राहून श्वास रोखला असेल, याची गणती नाही. पण उंदरांना कुठं त्याचं कौतुक? त्यांनी नेमकी मानच कुरतडली.

"दादरला एक पेंटर आहे," श्याम म्हणाला. "मरीन ड्राइव्हचा पडदा काढून देतो. आणून टाकतो झालं."

अरुंधती निगेटिव्ह उजेडाला धरून कुणाच्या तरी देवीच्या वणांवर पेन्सिल फिरवत होती. लग्नाला बारा वर्षं झाली, तेव्हापासून गावातल्या सगळ्या चेहऱ्यांचे डाग तिनं असेच घालवले होते. फोटो धुवायचे तिनं, वाळवायचे तिनं, कडा कापायच्या तिनं, आणि गिऱ्हाइकानं फोटो हातात घेतला की म्हणायचं, "श्यामरावांचा हात काय आहे!" तिची त्याला ना नव्हती. पण आपल्या हाताचं काहीतरी एकदा भिंतीवर असावं, लोकांनी येऊन बघावं, असं तिला फार दिवस वाटत होतं.

"मी काढते पडदा," ती म्हणाली.

"तू?"

"दारातली रांगोळी बघायला सगळी आळी येते ती कुणाची?"

"अगं, रांगोळी पायाखाली असते. पडदा डोक्यामागे असतो."

"दिवाळीपुरता लावून बघा. नाही चालला, तर आणा तुमचं मरीन ड्राइव्ह."

दिवाळीत कंपन्यांचे बोनस व्हायचे आणि नवे कपडे घालून लोक फोटोला यायचे. वर्षाची खरी कमाई त्या चार दिवसांची. श्यामनं थोडी मान खाजवली आणि हो म्हटलं. पण त्यानं बजावलं, की भाऊबीजेपर्यंत गिऱ्हाईक कुरकुरलं, तर दुसऱ्याच दिवशी तो दादरची गाडी धरणार.

अरुंधतीनं मांजरपाट आणला, मागच्या अंगणात ताणून बांधला, त्याला सरस आणि खडूच्या पुडीचे हात दिले. जिना-बिना तिला काढायचा नव्हता. इथं कारखान्यांत माणसं कुठून कुठून आलेली; कुणी मराठवाड्याचं, कुणी कोकणातलं, कुणी थेट मद्रासचं. जो तो आपल्या नाहीतर दुसऱ्याच्या शहराच्या बढाया मारणारा. तिनं ठरवलं, एकाच पडद्यावर देशातली चार मोठी शहरं काढायची. सगळं शहर नाही, फक्त आभाळाला टेकलेली त्याची कड. ज्याला जे आवडेल त्याच्यापुढे त्यानं उभं राहावं.

यातलं एकही शहर तिनं पाहिलेलं नव्हतं. तिची धाव पुण्यापर्यंत आणि एकदा तळेगावला, मामेबहिणीच्या डोहाळजेवणाला. पण कॅलेंडरं होती, बिस्किटांचे डबे होते. आणि हरिहरराव होते.

हरिहरराव एका कंपनीच्या विक्री खात्यात होते. कामासाठी देशभर हिंडलेले. रविवारी सकाळी पेपर वाचायला ते स्टुडिओच्या बाकावर येत आणि चहा होईपर्यंत उठत नसत.

"वहिनी, मुंबई म्हणजे कशी, तर कंगवा," ते सांगू लागले. "दाते वर. मधे श्वास घ्यायला जागा नाही. दिल्लीचं तसं नाही. दिल्ली खानदानी. एक घुमट, मग मैलभर आभाळ, मग दुसरा घुमट. कलकत्त्याला पूल. हावड्याचा पूल काढला की कलकत्ता संपलं, बाकीचं धुरात गेलं तरी चालेल."

"आणि मद्रास?"

"मद्रासला काय?" हरिहररावांनी बशीत चहा ओतला. "विमा कंपनीची एक उंच इमारत आहे. बाकी सगळं शहर नारळाच्या खाली."

अरुंधतीनं तसं काढलं. डावीकडे मुंबई, मग दिल्ली, मग मद्रास आणि उजव्या टोकाला कलकत्ता.

"वहिनी, भूगोल चुकला," हरिहरराव म्हणाले. "मद्रास खाली पाहिजे."

"खाली लोकांचे पाय येणार, भाऊजी."

श्यामची तक्रार वेगळी. "कुतुबमिनार मुंबईच्या डोक्यावर गेला की! मुंबई बुटकी दिसतेय."

"मिनार एकटा आहे, त्याला राहू द्या उंच. मुंबईला सोबत आहे."

"आणि लाल किल्ला लाल कशाला? फोटोत काळाच येणार."

"मला माहीत असावं म्हणून," ती म्हणाली.

दसऱ्याला पडदा भिंतीवर चढला आणि लोकांना आवडला. कंपनीची पाळी सुटल्यावर पोरं घोळक्यानं यायची आणि पडद्यापुढे वाद घालायची. "मुंबईपुढे काय आहे रे तुझी दिल्ली? नुसतं आभाळ!" "आभाळ तर आभाळ, राव. तुमच्या मुंबईत तेवढंही न्हाई." नव्या जोडप्यांना मुंबई हवी, कारण तिनं खाली समुद्राच्या दोन लाटा काढल्या होत्या. ग्रामपंचायतीला उभे राहिलेले दिल्लीपुढे छाती काढायचे. एकट्या पोरांना पूल आवडायचा. मद्रासपुढे मात्र कुणी उभं राहीना. उभं राहिलंच, तर श्याम ओरडायचा, "अहो, मद्रासमधून जरा कलकत्त्यात सरका!"

अरुंधतीला मद्रासची दया आली. चार बहिणींना एकदमच दाखवायला बसवावं आणि त्यांतल्या एकीला कुणी नावही विचारू नये, तसं तिला झालं. उदबत्तीच्या पुड्यावर एका दक्षिणेकडच्या देवळाचं गोपूर होतं. वसुबारसेला तिनं ते बघून बघून काढलं. मजल्यावर मजले, मजल्यांत मूर्ती, वर कळसांची ओळ. हात असा चालला, की गोपूर विम्याच्या इमारतीला मागं टाकून थेट पडद्याच्या वरच्या काठाला भिडलं. मद्रास आता सगळ्यांत देखणं दिसत होतं, आणि होतंही जवळजवळ मध्यभागी.

पाडव्याच्या सकाळी पडदा पहिल्यांदा गोपुरासकट लागला. बाकावर, पायरीवर, बाहेर लिंबाखाली गिऱ्हाइकांची गर्दी. पहिला नंबर चाकणकडच्या बबनरावांचा. ते दिवाळीआधी कंपनीत पर्मनंट झाले होते आणि त्यांना अख्ख्या घराचा मोठा फोटो, फ्रेमसकट हवा होता. म्हणून आई सगुणाबाई, बायको शकू, दोन भाऊ, भावजया, पोरं अशी सगळी वरात टेम्पोतून आली होती. बबनरावांच्या पायांत नवे कोरे बूट. बूट फोटोत यायला पाहिजेत, हे त्यांनी श्यामला आत येताच सांगितलं आणि नंतर परत दोनदा सांगितलं.

श्यामनं खुर्च्या मांडल्या. सगुणाबाईंनी पडदा पाहिला आणि वहाणा काढून दाराशी ठेवल्या. सासूनं काढल्या म्हणून सुनांनी काढल्या. पोरांना कुणी सांगावं लागलं नाही.

"आये, हितं चपला चालत्यात," बबनराव म्हणाले.

"देवाफुडं?"

"आगं, चित्र हाय ते!"

"मग घरात भिंतीवर काय हाय? चित्रच हाय की. त्याच्याफुडं बूट घालून जातूस व्हय?"

बबनरावांनी बूट काढले. तोंड पार उतरलं. श्यामनं सगळ्यांना जागा दाखवल्या, काळ्या बुरख्यात डोकं घातलं, आणि आतून त्याचा आवाज आला, "आजी, इकडे तोंड करा!"

सगुणाबाई गोपुराकडे तोंड करून, हात जोडून उभ्या होत्या. कॅमेऱ्याला त्यांचा अंबाडा दिसत होता.

"आजी!"

"न्हाई बाबा. देवाला पाठ न्हाई दावायची. दर्शन घेऊन निघतानाबी आमी मागं मागं सरकत येतो. हितं तर तू ऱ्हा म्हनतूस, पाठ करून!"

हे ऐकलं मात्र, शकू वळली. मागोमाग भावजया वळल्या. भाऊ एकमेकांकडे बघून वळले. श्यामनं बुरख्यातून डोकं बाहेर काढलं, तर पुढ्यात सगळ्या पाठी आणि एकटे बबनराव अनवाणी, अवघडून, अर्धे इकडे नि अर्धे तिकडे.

श्यामनं बुरख्याचं कापड उचललं आणि खुर्चीवर चढून गोपुरावर टाकलं.

"झाकला म्हून द्येव जातूय व्हय?" सगुणाबाईंनी विचारलं.

बाकावरचं दुसरं कुटुंब आता कुजबुजू लागलं होतं. "खरं हाय म्हातारीचं," त्यांच्यातली बाई म्हणाली. "म्हाईत नव्हतं तवर ठीक हुतं. आता आमीबी कशी पाठ करायची?" लिंबाखालून कुणीतरी विचारलं, पिंपरीतला स्टुडिओ आज उघडा आहे का.

श्याम खाली उतरला, अरुंधतीजवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "हंस होता, तर कुणी चपला काढल्या नव्हत्या." जरा थांबून म्हणाला, "उद्या दादर."

पांढऱ्याचा एक हात फिरवला, की गोपूर जाईल. पण ओला पडदा आज वाळायचा नाही. आणि पडदा उतरला, तर परत चढायचा नाही, हे तिला श्यामच्या आवाजावरून कळलं. तिनं सगुणाबाईंकडे बघितलं. म्हातारी काही हट्टानं उभी नव्हती. नातसुनेला दाखवावं, तशी शेजारच्या पोरीला एकेक मूर्ती दाखवत होती. पडदा एवढ्या जवळून कुणी अजून पाहिलाच नव्हता. फोटो काढायला आलेला माणूस पडद्याला पाठ करतो, हे अरुंधतीच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

ती पुढे झाली. "आजी, तुमच्या गावात कीर्तन होतं ना?"

"हुतं की. शिमग्याला सप्ता असतुया."

"तेव्हा देवळात बसता कशा?"

"कशा म्हंजी? बाया ह्या अंगाला, बापय त्या अंगाला. मधी वाट मोकळी. न्हाईतर द्येवाची नजर अडती."

"मग तशाच बसा."

सगुणाबाईंनी पडद्याकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. "आन् ह्यो फोटोवाला?"

"ते दारात उभे आहेत असं समजा. उशिरा आलेत, जागा मिळाली नाही."

शकू फिसकन हसली. श्यामनं कपाळाला हात लावला. पण खुर्च्या त्यानंच बाजूला केल्या आणि गोपुरावरचं कापडही काढलं. सतरंजी अंथरली. बायका मुंबई-दिल्लीच्या अंगाला बसल्या, बापये कलकत्त्याच्या अंगाला, जरा तिरके, समोरासमोर. मधे मोकळी वाट थेट गोपुरापर्यंत.

"माजे बूट," बबनराव कळवळून म्हणाले.

"देवळात जाताना कुठं काढता?" अरुंधतीनं विचारलं आणि बूट उचलून वाटेच्या तोंडाशी, कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात नीट जोडीनं ठेवले.

"आता आल्यात न्हवं का बूट?" सगुणाबाई म्हणाल्या. "तू आला न्हाईस तरी चालंल."

सगळं घर हसलं. श्याम आयुष्यभर ओरडत आला होता, 'हलू नका, इकडे बघा', आणि लोक पोलिसांनी धरल्यासारखे त्याच्याकडे बघत आले होते. आज त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं. शकू नवऱ्याच्या अनवाणी पायांकडे बघून पदर तोंडाला लावत होती, भाऊ भावाला कोपरानं ढोसत होता आणि सगुणाबाई अर्धी नजर देवाकडे नि अर्धी लेकाकडे ठेवून मिश्किल बसल्या होत्या. श्यामनं आवाज न करता बटण दाबलं.

बाकावरची बाई उठली. "आमचाबी असाच काढा. सप्त्यातला."

त्या दिवशी दुपारी जेवायलाही कुणाला सवड झाली नाही. लोक मुंबई-दिल्लीचे वाद विसरून, बाया कुठल्या अंगाला आणि बापये कुठल्या अंगाला यावर भांडत होते. पर्मनंट झालेले, न झालेले, सगळ्यांचे बूट ओळीनं पुढे. हरिहरराव नवा कोट घालून आले. कोट चुरगळेल म्हणून ते सतरंजीवर बसायला तयार होईनात. शेवटी हरिहरराव दिल्लीत एका खुर्चीवर तिरके बसले आणि गोपुराकडे बघत म्हणाले, "मद्रास मी म्हणालो त्यापेक्षा उंच आहे हां, वहिनी. मी गेलो तेव्हा घाईत होतो."

गर्दी जरा ओसरल्यावर बबनरावांचा फोटो धुवायला घेतला. अंधाऱ्या खोलीतल्या लाल दिव्याखाली अरुंधती तबक हलवत होती आणि श्याम खांद्यावरून वाकून बघत होता. आधी बूट आले. मग कळस. मग हळूहळू चेहरे उगवू लागले, एकेक करून, हसण्याच्या अगदी काठावरचे. तिनं सवयीनं विचारलं, "आजीच्या सुरकुत्या जरा कमी करू का?"

"हात लावू नकोस," तो म्हणाला. "काय घालवशील त्यातलं?"

फोटो तिनं चिमट्यानं उचलून दोरीवर अडकवला. पाणी ठिबकत राहिलं. श्यामनं घसा साफ केला.

"पुढच्या वेळी मला विचारल्याशिवाय देव आणायचा नाही."

"बरं."

"सांगून ठेवतोय."

"बरं म्हटलं ना!"

तो दाराकडे निघाला, कडीवर हात ठेवून थांबला. "डावीकडच्या भिंतीला असाच एक बसेल. मांजरपाट किती वार लागतो?"

अरुंधतीनं हात पुसले. उत्तर तिला तोंडपाठ होतं. पण तिनं मुद्दाम थोडा विचार केल्यासारखं केलं.

"मोजून सांगते," ती म्हणाली. "पण त्याआधी दादरचं काय ते ठरवा."

"दादरला काय आहे?" श्याम म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आवाज द्यायला बाहेर गेला.