सरूने लिहिलेला ताप

कोंडाजीला क्षय झाल्याचं कळलं तेव्हा भात कापून खळ्यावर आलं होतं. खोकला पावसाळ्यापासूनच होता, पण खोकल्यापायी कोणी अंथरूण धरत नाही, तसा तोही विळा घेऊन रोज वावरात जात राहिला. एक दिवस भात झोडपताना तोंडातून रक्त आलं, तेव्हा मात्र धाकट्या भावाने, नथूने, बैलगाडी जुंपली. बेडश्याहून सकाळी निघालेली गाडी दुपारी मळवलीजवळच्या आरोग्यधामात पोचली. गाडीत गोधडीवर कोंडाजी आणि त्याच्या उशाशी त्याची बायको सरू. सहा वर्षांची गोदी आजीपाशी राहिली. आजीने तिला गाडीच्या जवळ येऊ दिलं नाही. हे १९३५ सालचं.

आरोग्यधाम म्हणजे चार लांब कौलारू बराकी. भिंती कमरेपर्यंतच, वर सगळं मोकळं. डोंगरावरून येणारा वारा सरळ खाटांवरून जायचा. डॉक्टरांनी छाती ठोकून, ऐकून सांगितलं की वर्षभर झोपून राहायचं, दूध-अंडी खायची आणि हवा घ्यायची. नथूने औषधाचं विचारलं, तर ते म्हणाले, हेच औषध. रोग्याबरोबर घरचं एक माणूस राहायचं अशी तिथली रीत होती, कारण इतक्या रोग्यांमागे नर्सा दोनच. तशी सरू राहिली. मागच्या बाजूला अशा माणसांसाठी एक पत्र्याची शेड होती, तिथे तिने चूल मांडली.

पहिले दोन महिने तिने नवऱ्याचं केलं ते भीतभीत केलं. थुंकायच्या झाकणाच्या डब्याला हात लावताना तिचा जीव वर यायचा, आणि मग आपल्याला असं वाटावं याचीच तिला लाज वाटायची. त्याचा उष्टा चहा टाकून कसा द्यायचा म्हणून ती तो पिऊनही टाकायची. एकदा मोठ्या नर्सबाईंनी, अनसूयाबाईंनी, ते पाहिलं. अनसूयाबाई लोणावळ्याच्या, एका मास्तरांची मुलगी, पुण्याला तीन वर्षं शिकून आलेल्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी सरूला बाजूला नेऊन विचारलं, "तुला मुलं किती?" सरूने सांगितलं, एक मुलगी. "मग हा पेला उकळून घे," एवढंच बोलून त्या गेल्या.

माघात अनसूयाबाईंनी एक वर्ग काढला. रोग्यांबरोबर आलेल्या बायकांपैकी ज्यांची तयारी असेल त्यांना सहा महिने शिकवायचं, शेवटी पुण्याचे डॉक्टर येऊन परीक्षा घेणार आणि पास होईल तिला सहायक नर्सचा दाखला मिळणार. लिहिता-वाचता येण्याची अट नव्हती, आकडे तेवढे शिकावे लागणार होते. पाच जणींनी नावं दिली. सरूने कोंडाजीला विचारलं. आपलीच सेवा चांगली होईल असं वाटून तो हो म्हणाला.

सरू शाळेत कधी गेलेली नव्हती. थर्मामीटरवरचे इंग्रजी आकडे ती आधी शिकली, मराठी आकडे नंतर. पारा कुठे थांबलाय ते दिसायला नळी बोटांत फिरवावी लागते, हे जमायलाच तिला आठवडा लागला. वाळूच्या काचेतली वाळू अर्ध्या मिनिटात खाली येते, तोवर नाडीचे ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. रोगी खाटेवर असतानाच खालची चादर बदलायची. त्याला कुशीवर घेऊन पाठ स्पिरिटने पुसायची, पावडर लावायची. थुंकीच्या डब्यात लाकडाचा भुसा घालून तो सगळा जाळायचा. पुरुषांचं अंग पुसायचं म्हटल्यावर दोघी वर्ग सोडून गेल्या. सरूच्याही मनात ते आलं होतं. पण पहिल्या दिवशी तिने ज्याचं अंग पुसलं तो दत्तोबा नावाचा रेल्वेतला म्हातारा गँगमन इतका हाडका झाला होता की लाजायचं तिला सुचलंच नाही.

कोंडाजीला हे कळलं तेव्हा तो बिथरला.

"माझं केलंस ते बायको म्हनून," तो म्हणाला. "दुसऱ्याची थुकी कशापायी उचलायची? आपल्या घरान्यात हे काम कुनी केलं न्हाई."

"तुमची उचलताना माझा हात कापतो," सरू म्हणाली. "दुसऱ्याची उचलताना न्हाई कापत."

ती जे बोलली ते खरंच होतं. वॉर्डात हिंडताना तिला आपण कोणाची सून, कोणाची कोण, हे आठवत नसे. पुढची खाट दिसे, आणि तिच्या पुढची.

चैत्रात सासू, बयाबाई, भेटायला आली. ती खाटेपासून दहा हात लांब बसली आणि लेकाकडे बघून डोळे पुसत राहिली. जाताना तिने सरूला सुनावलं की पोर तिकडे आई आई करते आणि तू इथे परक्यांची ढुंगणं धुतेस. गोदीचं नाव निघालं म्हणून सरू शेडमध्ये जाऊन रडली, आणि चार वाजता ताप बघायची वेळ झाली तशी तोंड धुऊन वॉर्डात गेली.

इकडे कोंडाजीला बरं वाटू लागलं होतं. वजन वाढलं, खोकला उतरला. महिनाभर सलग ताप आला नाही तर घरी सोडू, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्या दिवसापासून तो दिवस मोजू लागला. पेरणीच्या आत घरी पोचायचं एवढंच त्याच्या डोक्यात होतं. नथूच्या हातून रोपं नीट तरारत नाहीत, तो दाट पेरतो, हे तो येईल त्याला सांगायचा. वैशाख सरत आला तेव्हा सव्वीस दिवस झाले होते.

शिकाऊ बाईला स्वतःच्या माणसाच्या वॉर्डात ठेवत नसत. पण त्या आठवड्यात अंबूबाई नावाची दुसरी शिकाऊ आपल्या भावाच्या लग्नाला गेली, म्हणून संध्याकाळचा ताप बघायला सरू कोंडाजीच्या वॉर्डात आली. कोंडाजीची खाट कडेची. तिने नळी त्याच्या जिभेखाली ठेवली, काढली, फिरवली. सत्त्याण्णव. मग नाडी धरली. मनगट तापलेलं होतं आणि वाळू खाली येईपर्यंत बावन्न ठोके पडले. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ ओले होते. खाटेखाली माठातल्या गार पाण्याचा तांब्या होता.

तिने पुढच्या सगळ्या खाटा केल्या आणि परत येऊन त्याच्याजवळ स्टुलावर बसली. तांब्या तिने आपल्या पायाशी घेतला. अर्धा तास तिने तिथेच बसून काढला. मग तिने पुन्हा नळी ठेवली. पारा शंभराच्या वर दोन बारीक रेघा जाऊन थांबला.

"किती दिस चाललंय ह्ये?" तिने हळू विचारलं.

"आठ-धा दिस." मग तो उठून बसला. "तू सत्त्याण्णव लिव. चार दिस तर राह्यलेत. पेरा झाला की मी परत येतो. तुला शब्द देतो."

"घरी गोदी हाय."

"मी तिला जवळ घेनार न्हाई."

"ती येईल की. ती कुटं ऐकती?"

घर दोन खोल्यांचं. बापाच्या पांघरुणात शिरून झोपायची गोदीची सवय सरूला ठाऊक होती, आणि तिला दूर लोटायची कोंडाजीची ताकद नव्हती, हेही.

"नवऱ्यापरास कागद मोठा झाला व्हय तुला?" कोंडाजी म्हणाला.

खाटेच्या पायाला टांगलेला तक्ता तिने घेतला, पेन्सिलीने शंभर आणि वरच्या दोन रेघांचा आकडा लिहिला, शेजारी नाडीचे एकशे चार लिहिले. चारचा आकडा वाकडा आला. मग जाऊन तिने अनसूयाबाईंना तांब्याचंही सांगितलं.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा छाती तपासली. डावीकडचा रोग हलला नव्हता. त्यांनी फुप्फुसाभोवती सुईने हवा भरायची ठरवली, म्हणजे दुखरं फुप्फुस दबून विश्रांती घेईल. ती हवा दर आठवड्याला भरावी लागे, पुढे पंधरा दिवसांनी. घरी जायचं नाव आता वर्षभर काढायचं नव्हतं.

कोंडाजी सरूशी बोलेनासा झाला. तिने आणलेलं जेवण तो खायचा, पण ताट घेताना भिंतीकडे बघायचा. बयाबाईने निरोप धाडला की माझ्या लेकाला सुनेने कोंडून घातलंय. पाऊस लागला, बराकींवर ताडपत्र्या पडल्या, नथूने पेरलं, लावणीही झाली. सरू वर्गाला जात राहिली. आपण केलं ते चूक होतं असं तिला वाटलं नाही, पण बरोबर केल्याचं समाधानही वाटलं नाही. तो बोलत नाही, एवढंच रोज वाटायचं.

श्रावणात परीक्षा झाली. पुण्याहून आलेले डॉक्टर उंच, चष्मा लावणारे, कमी बोलणारे. प्रत्येकीला एक रोगी द्यायचा, त्याची चादर बदलायची, पाठ पुसायची, ताप आणि नाडी घ्यायची. सरूला दत्तोबा मिळणार होता, पण सकाळी त्याला रक्त पडलं. दुसरा कोण, म्हणून अनसूयाबाई वॉर्डात विचारत होत्या, तर कडेच्या खाटेवरून कोंडाजी म्हणाला, "मी निजतो."

अनसूयाबाईंनी परीक्षकांना सांगितलं की हा हिचा नवरा आहे. ते म्हणाले, असू दे, मी चादर बघणार आहे.

सरूने हात धुतले. कोंडाजी छपराकडे बघत होता. तिने त्याला कुशीवर घेतलं, जुनी चादर गुंडाळत पाठीपर्यंत आणली, नवी मागोमाग अंथरली, त्याला या बाजूला वळवलं. इतक्या दिवसांत तिने त्याला हात लावला नव्हता. अंगावर मांस चढलं होतं, ते तिच्या हाताला कळलं. पाठ पुसून, पावडर लावून तिने त्याला सरळ केलं.

"नीट वाटतंय का?" परीक्षकांनी त्याला विचारलं.

"कमरंखाली चुनी हाय," कोंडाजी म्हणाला.

सरूचं तोंड उतरलं. तिने त्याला पुन्हा वळवलं. चुणी खरंच होती, चार बोटं लांब. ती ओढून काढली, चादरीची टोकं गादीखाली खोचली. मग थर्मामीटर झटकून ती पुढे झाली. नळी लावण्याआधी रोग्याला एक प्रश्न विचारायचा असतो, तो विचारायला तिने तोंड उघडलं, पण कोंडाजी आधीच परीक्षकांकडे बघून म्हणाला,

"अर्धा तास झाला, काय खाल्लं-प्यालं न्हाई. पानीबी न्हाई."

परीक्षक अनसूयाबाईंना म्हणाले, तुमचे रोगीही शिकलेले दिसतात. अनसूयाबाई हसल्या नाहीत. सरूने नळी ठेवली. अठ्ठ्याण्णव आणि दोन रेघा. तिने तो आकडा मोठ्याने सांगितला, आणि परीक्षकांनी नळी हातात घेऊन तो खरा असल्याचं पाहिलं.

त्या दिवशी संध्याकाळी ताट घेताना कोंडाजीने विचारलं, पास झालीस का. तिने सांगितलं, कळायला महिना लागंल. मग त्याने नथूच्या भाताचं विचारलं, आणि तिने ऐकलेलं सांगितलं की दाटच पेरलंय.

सरू पास झाली. चुणीचे गुण गेले असं अनसूयाबाईंनी तिला सांगितलं. दाखला वाचता येत नव्हता, तो त्यांनीच वाचून दाखवला. आरोग्यधामाने तिला कामावर ठेवून घेतलं आणि राहायला मळवली गावात एक खोली बघून दिली.

कोंडाजी पुढच्या वर्षीच्या मार्गशीर्षात सुटला. नांगर धरायचा नाही, ओझं उचलायचं नाही, हवा भरायला अजून दोन वर्षं यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बेडश्याला बसून भावाची शेती बघणं त्याला पहिल्या महिन्यातच असह्य झालं. आरोग्यधामाच्या गोठ्यात गाई होत्या, त्यांची वैरण आणि दूध बघायला माणूस हवा होता. तो तिथे लागला. डॉक्टरांनी थुंकी तपासून हरकत नाही म्हटल्यावर गोदीला आणलं. ती दोन दिवस आईजवळ येईना, तिसऱ्या दिवशी आली. बयाबाई काही आली नाही. सणावाराला तीच सगळी बेडश्याला जात, आणि दारात गेल्यावर सासू सरूला आधी न्हाणीची वाट दाखवी. सरू मुकाट्याने अंघोळ करून येई.

तो सुटल्याच्या तिसऱ्या वर्षी डोंगरावरच्या जत्रेला जाताना चढावर कोंडाजीचा दम लागलेला सरूने मागून ऐकला. ती म्हणाली, जरा बसा. पूर्वी तो बसला नसता. आता तो वाटेकडेच्या खडकावर बसला, गोदी करवंदांच्या जाळीत शिरली, आणि सरू त्याच्याशेजारी उभी राहून त्याचा दम खाली येण्याची वाट पाहत राहिली.