आतून लावलेली कडी

मित्रांनो, कुणी आलं की दार उघडायला तुम्ही जिला हात घालता, ती मी. एक जुनी लोखंडी कडी. माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला आणि उमर गेली गुलमंडीतल्या एका कापडदुकानात. मालक तात्यासाहेब म्हणायचे, "ही कडी आहे म्हणून मला झोप लागते." ते ऐकून मी फुगून जायची. पुढे दुकानाला शटर आलं आणि दारासकट माझी रवानगी भंगारात झाली.

तिथून रामकिसननं आम्हाला पडेगावला आणून आपल्या अंगणाकडच्या खोलीला बसवलं. तो वाळूजच्या कारखान्यात कामाला होता. त्याच्या घरी मला कामच नव्हतं. दिवसा दार लावलं की शेजाऱ्यांना वाटायचं, नवरा-बायकोचं बिनसलं. मी नुसती लटकत राहिले, गंजत गेले.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. रामकिसन तापानं फणफणला, तपासणीत कोरोना निघाला. महापालिकेच्या माणसांनी दारावर कागद चिकटवला आणि बजावलं, "आतून कडी लावा. आम्ही सांगेपर्यंत कुणाला आत घेऊ नका." बायको कुशावर्ता उंबऱ्याशी ताट ठेवून मागं सरायची, मगच तो मला काढायचा.

एके दुपारी त्याची आत्या चतुराबाई आल्या. रामकिसनची आई लवकर गेली, त्याला वाढवलं ते यांनीच. रस्त्यावरचे पोलीस चुकवून त्या शेतातल्या वाटेनं चालत आल्या होत्या. पदराखाली धपाटे होते.

"आत्याबाई, लांबूनच बोला. डॉक्टर नाय म्हणलेत," कुशावर्ता काकुळतीला आली.

"माणूस आजारी आन् भेटाया यायचं नाय? रामकिसन, कडी काढ."

"नगं आत्या. तुलाच लागंल."

"गोवर निघाला तवा तुला मांडीवर घेऊन बसले, तवा कुठं लागलं? आज मला उंबऱ्यावर उभी करतो व्हय?"

रामकिसन खाटेवरून उठून दाराशी आला. मग त्याचा तापलेला हात माझ्यावर पडला. गंजामुळं मी जरा अडले. त्यानं हिसका दिला आणि मी निघाले.

चतुराबाईंनी त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. म्हणाल्या, "तुझी इडापिडा मला लागू दे."

रामकिसन बरा झाला. चतुराबाईंना मात्र दवाखान्यात न्यावं लागलं. तो तिथल्या दारात हात जोडून बसला, "एकदा बघू द्या" म्हणत राहिला. ते दार त्याच्यासाठी उघडलं नाही. आत्या गेल्या. त्याला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

घरी आल्यावर तो माझ्यासमोर बसला. "त्या दिशी तुला काढायलाच नको होतं," एवढंच बोलला. आता तो मला वेळच्या वेळी तेल देतो. पण माझ्या मनातली हळहळ तेलानं जाईना.

मित्रांनो, साथीच्या दिवसांत दार लावावं लागलं तर लावा. बाहेरचं माणूस रुसेल. रुसू द्या. चतुराबाई त्या दुपारी रुसून परत गेल्या असत्या, तर दिवाळीला धपाटे घेऊन पुन्हा आल्या असत्या, आणि मी पहिल्या हाकेला निघाले असते.