गोमुखातली कोमट गंगा

शंख वाजला आणि बागेतली माणसं एकदम उठून उभी राहिली. कोरड्या हौदावरचं दगडी गोमुख आधी नुसतं गुरगुरलं, मग त्यातून पाण्याची धार पडली. "हर हर गंगे!" असा कल्लोळ तटाच्या आत घुमला. बायका पदर भिजवायला धावल्या, पुरुष बाटल्या भरायला.

हातकणंगल्याच्या पुढं आमचं गाव. तिथली ही जहागीरदारांची जुनी बाग. चारी बाजूंनी दोन पुरुष उंच दगडी तट, आत चिंचा आणि चाफे, मधोमध हौद. त्यात पाणी पाहिलेलं माणूस गावात हयात नव्हतं. एरवी लोक सुट्टीत डबा घेऊन सावलीला यायचे. या उन्हाळ्यात जलानंद महाराज आले आणि बागेत जत्राच भरली.

"ही कैलासावरची गंगा!" महाराज सांगत होते. "वाडीला दत्तगुरूंचं पाय धुतलं आन् ह्या पामराची हाक ऐकून इकडं वळली. मोतीबिंदू असू दे, काचबिंदू असू दे, गंगामाई बिंदू म्हणून ठेवत न्हाय!"

गंगेला एवढा वळसा कोणी घालायला लावला, हे कुणी विचारलं नाही.

गर्दीत आमच्याच गावची संयोगिता होती. वारणानगरच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायची. सासूबाईंना, म्हणजे आक्कांना, गंगा दाखवायला ती घेऊन आली होती. आक्कांना काचबिंदू होता, रोज डोळ्यांत औषधाचे थेंब घालावे लागत. संयोगितानं ओंजळ पुढं केली आणि ती चमकली. पाणी कोमट होतं. बर्फातून आलेलं पाणी कोमट कसं? प्रश्न ओठांवर आला, पण सगळ्यांचे हात जोडलेले, आक्कांचे डोळे मिटलेले. तिनंही हात जोडले.

"बाई पण आल्यात की!" तिच्या वर्गातल्या एका मुलीची आई, चिमणाबाई, शेजारणीला म्हणाली. "मग खरंच असणार."

संयोगिता नुसती हसली.

त्यानंतर आक्का शेजारणींबरोबर बागेत जातच राहिल्या. पावसाळा सरला, आणि एकदा जेवताना त्यांचा हात ताटाच्या बाहेरच चाचपडू लागला. डॉक्टरांनी डोळे तपासून विचारलं, "थेंब कधीपासून बंद आहेत?"

आक्कांनी मान खाली घातली. "गंगा हाय की, म्हणून सोडलं."

"उजव्या डोळ्याची गेलेली नजर आता परत यायची नाही. डावा तरी सांभाळा."

घरी आल्यावर आक्का म्हणाल्या, "तू बी हात जोडलतीस की गं. मला वाटलं, एवढी शिकल्याली, तिला ठावं असंल."

संयोगिताला त्यांच्याकडं बघवेना.

पुढच्या दर्शनाला ती दारातून आत गेलीच नाही. तटाच्या बाहेरून चालत राहिली. मागच्या अंगाला जुनी मोटेची विहीर होती. मोटेचं पाणी पूर्वी तटावरच्या दगडी कुंडीत पडायचं आणि भिंतीत पुरलेल्या भाजक्या मातीच्या नळातून गोमुखाला जायचं. आता त्या कुंडीत काळी प्लॅस्टिकची टाकी बसवली होती. वर हिरवी जाळी, खाली नळाला जोडलेला पाइप आणि त्यावर कॉक. टाकी उन्हानं तापली होती. शंख ऐकून कॉक फिरवणारा शिष्य विहिरीवर मोटर बघायला उतरला होता.

आत महाराज गरजत होते, "शंख वाजल्याबिगर गंगा थेंबभर हलत न्हाय!"

संयोगिता तटावर चढली आणि तिनं कॉक फिरवला. महाराजांच्या पाठीमागं धार सुरू झाली. कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांनी घाईघाईनं शंख फुंकला, तशी तिनं धार बंद केली.

"आज माय रुसलीया..."

"रुसली नाही महाराज, मी कॉक बंद केलाय!" तटावरून ती ओरडली. "कुणीही वर या आणि फिरवून बघा."

माणसं चढली, त्यांनी टाकी पाहिली, कॉक फिरवला. गोमुख इमानानं सुरू झालं, बंद झालं. महाराज मागच्या दारानं सटकले. गावकऱ्यांनी कळवल्यावर पोलिसांनी त्यांना कबनूरच्या फाट्यावर गाठलं.

आता कुणी हसत नव्हतं. एकमेकांची नजर चुकवत लोक हौदापासून मागं सरले. चिमणाबाई मात्र पुढं आली.

"बाई, तुमास्नी कवा संशय आलता?"

"पहिल्याच दिवशी. पाणी कोमट लागलं तेव्हा."

"मग तवाच का बोलला न्हाईसा? तुमच्याकडं बघून मी माझ्या आयच्या डोळ्यांत घातलंय ते पाणी."

"चारचौघांत वेगळं बोलायची लाज वाटली, चिमणाबाई." संयोगिता म्हणाली. "आता गप्प बसल्याची वाटते."

दुसऱ्या दिवशी चिमणाबाई आईला घेऊन डॉक्टरांकडं गेली.

लांबच्या गावांत बातमी पोचायला वेळ लागला. माणसं येतच होती. तेव्हा आक्का स्वतःहून बागेच्या दाराशी जाऊन बसू लागल्या. अधू डोळ्यावर हात ठेवून प्रत्येकाला सांगू लागल्या, "पावणं, बाग बगा, सावलीला बसा. पर डोळ्यात औषध डॉक्टरचंच घाला. आन् कुणी चमत्कार दावाय लागला, तर पाया पडायच्या आदी इचारा, पाणी येतंय कुठनं? मी इचारलं न्हाय. तुमी इचारा."