चाचणीच्या खात्यातला डोळा

डोळ्यांच्या दवाखान्यात तिला सगळे फोटोवाल्या बाई म्हणत. पेशंटच्या डोळ्यातल्या पडद्याचे फोटो काढायचे, हे तिचं काम. ‘हनुवटी टेकवा, हिरव्या ठिपक्याकडे बघा, पापणी हलवू नका’ हे ती सोळा वर्षांत इतक्यांदा म्हणाली होती की झोपेतही बिनचूक म्हणाली असती. घरात ऐकायला कोणी नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आत ती यंत्र तपासून बघे. त्यासाठी डोळा आणायचा कोणाचा? स्वतःचाच डावा डोळा यंत्रापुढे धरायचा, बटण दाबायचं आणि आलेला फोटो ‘चाचणी’ नावाच्या खात्यात टाकून द्यायचा. त्या खात्याकडे डॉक्टर फिरकत नसत. ती बघे, पण फोटो रेखीव आलाय ना, एवढंच. साखर असेल तर वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या, असं ती पेशंटना कळकळीनं बजावायची. तिला स्वतःला पाच वर्षं साखर होती आणि तपासणीला काही मुहूर्त लागत नव्हता.

त्या सकाळी फोटोत काळा धागा दिसला. तिनं भिंग पुसलं. पुन्हा पुसलं. यंत्र बनवणाऱ्यांना मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या. मग भिंतीकडे पाहिलं, तर धागा तिथेही हजर! डावा डोळा झाकला, धागा गेला. म्हणजे धागा यंत्रात नव्हता, तिच्या डोळ्यात होता.

तिनं ‘चाचणी’चं खातं उघडून आठ महिन्यांचे फोटो ओळीनं पाहिले. आधी चार लाल ठिपके. मग पिवळट डाग. मग एका कोपऱ्यात वेड्यावाकड्या बारीक वाहिन्यांचा गुंता, दर महिन्याला दाट होत गेलेला. दुसऱ्या कोणाच्या डोळ्यात हे दिसलं असतं तर ती तिथल्या तिथे डॉक्टरांकडे धावली असती. इथे प्रत्येक फोटोपुढे तिनंच लिहिलं होतं, ‘ठीक’. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

डॉक्टरांनी फोटो दोनदा पाहिले. ते रागावले नाहीत, त्यामुळे ती जास्तच घाबरली.

“साखर वाढलेली राहिली की आत सूज धुमसत राहते, बाई,” ते म्हणाले. “पांढऱ्या पेशी बारीक वाहिन्यांना आतून चिकटतात. भिंती गळायला लागतात, काही वाहिन्या बंदच पडतात. पडद्याला प्राणवायू मिळेना झाला की तो नव्या वाहिन्या मागवतो. सुजेतून सुटणारी रसायनंही त्यांना आणखी चेव आणतात. पण घाईत उगवलेल्या त्या वाहिन्या कच्च्या. जरा काही झालं की फुटतात.”

“धागा म्हणजे रक्त,” ती म्हणाली.

“हो. उद्या डोळ्यात इंजेक्शन देऊ, नंतर लेझर. अजून वेळ गेलेली नाही. पण आता चालढकल केलीत तर डोळा हातचा जाईल. सोबत कोण येणार?”

“येईल कोणीतरी.”

“नाव सांगा.”

“फोन करून येते,” म्हणत ती जिन्यात जाऊन उभी राहिली. माणूस म्हणावं तर एकच होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा धाकटा भाऊ. तो महिन्या-दोन महिन्यांनी फोन करी, ‘कशी आहेस’ विचारी. स्वतःबद्दल ताकास तूर लागू न देता ती पेशंटच्या गमती सांगे, तो हसे, फोन संपे. आपण इतक्या एकट्या आहोत हे तिनंच त्याला कधी कळू दिलं नव्हतं.

“बोल ताई.”

“अरे, एक बाई आहे,” तिच्या तोंडून सवयीनं निघालं. “डोळ्यात रक्त उतरलंय. उद्या इंजेक्शन आहे आणि सोबत यायला कोणी नाही.”

“अरेरे,” भाऊ कळवळून म्हणाला. “घरचं कोणीच नाही तिला?”

जिन्याचा कठडा तिनं घट्ट धरला.

“आहे,” ती म्हणाली. “एक भाऊ आहे. त्यालाच सांगतेय.”