किरिलची सहा मिनिटं

मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की गोड आवाजात, हळूहळू सांगतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझा जीव कातावलेला आहे. का, ते ऐका आणि मग तुम्हीच सांगा की माझं चुकतं का.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. माझं भिंग बसवणाऱ्या बाई इतक्या हलक्या हाताने काम करत की मला गुदगुल्या व्हायच्या. लांबची वस्तू तीस पट जवळ आणून दाखवायची, हे माझं खास कौशल्य. पुण्यात शैलेंद्रने मला दुकानातून घरी आणलं ते त्याच्या मुलाच्या, राजसच्या, बारशासाठी. त्या बारशाचं तीन तासांचं चित्रण माझ्याकडे आहे. त्यातले अडीच तास राजस झोपलेला दिसतो. पाळणा म्हणणाऱ्या बायकांची नुसती कोपरं आणि पदर दिसतात. शैलेंद्रला त्याच्या मुलाखेरीज दुसरं काही दिसतच नव्हतं. नवा बाप आहे, चालायचंच, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं.

पुढे शैलेंद्र, त्याची बायको मृदुला आणि चार वर्षांचा राजस नेदरलँड्सला आले. हेगच्या शेजारी लायडस्खेनडाममध्ये त्यांनी घर घेतलं. शैलेंद्रच्या खिशात चांगला फोन आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. जुन्या चार्जरच्या गुंत्यात मी अकरा वर्षं पडून होतो. सणावारी कपाट उघडायचं, दिव्यांची माळ बाहेर निघायची आणि मी तिथेच राहायचो. या उपेक्षेबद्दलही मला बोलायचं आहे, पण ते राहू दे. त्याहून मोठं दुःख पुढे आहे.

राजस शाळेतल्या मित्राच्या नादाने आइस हॉकी खेळू लागला. हा मित्र म्हणजे किरिल. किरिल रशियातल्या चेल्याबिन्स्कचा. चौथ्या वर्षी त्याच्या पायाला स्केट्स बांधले गेले होते, आणि अकराव्या वर्षी तो आईबरोबर इथे आला. त्याची आई वृद्धांच्या निवासात काम करते आणि शनिवार-रविवारी तिची हमखास ड्युटी असते. म्हणून सामन्यांना किरिल शैलेंद्रच्या गाडीतून यायचा. मागच्या सीटवर दोन मुलं, त्यांच्या दोन अजस्र बॅगा आणि मृदुलाने दिलेली थालीपीठं. लोणच्यावर किरिलचा भारी जीव. शैलेंद्रला तो ‘अंकल’ म्हणायचा. हे तो राजसच्या भारतीय मित्रांकडून शिकला होता.

स्टँडमधून फोनवर काढलं की खेळाडू मुंग्यांसारखे दिसायचे आणि मध्येच ऑफिसचा कॉल यायचा. तेव्हा शैलेंद्रला माझी आठवण झाली. “जुनं ते सोनं!” असं म्हणत त्याने माझ्यावरची धूळ पुसली. मी तर हुरळूनच गेलो. त्या बर्फाच्या हॉलमध्ये माझी बॅटरी थंडीने अर्ध्या वेळात मान टाकायची, म्हणून दुसरी बॅटरी तो काखेत धरून ऊबदार ठेवायचा. इतकी माया मला दुकानातून आणलं तेव्हाही मिळाली नव्हती.

आणि मग मी किरिलचा खेळ पाहिला. आइस हॉकीत काळी रबरी चकती असते, तिला पक म्हणतात. सगळे जण पककडे बघतात. किरिल पक यायच्या आधी दोनदा मागे वळून बघायचा, म्हणून तो आल्यावर कुठे द्यायचा ते त्याला आधीच ठाऊक असायचं. दोन जण अंगावर आले की तो एका स्केटच्या कडेवर एवढासा वळायचा आणि ते दोघे एकमेकांवर आदळायचे. पण त्याची खरी करामत तो पकपासून लांब असताना दिसायची. समोरचा ज्या वाटेने पास देणार, त्या वाटेत याची काठी आधीच आडवी. आपला संघ मार खात असला की सगळ्यांच्या आधी हाच मागे धावत यायचा. त्यांचा प्रशिक्षक विम मोठा खडूस माणूस. तोही एकदा माझ्याजवळ उभा राहून शैलेंद्रला म्हणाला, “वीस वर्षांत असा मुलगा माझ्या हाताखाली आला नाही. पण इथे बसून त्याला कोण बघणार?”

प्रश्न खरा होता. डच पासपोर्ट नसल्यामुळे त्याला डच राष्ट्रीय संघात घेता येत नव्हतं, आणि मोठ्या क्लबांची माणसं तिथेच खेळाडू हेरायला येतात. आमच्या लहानशा लीगकडे कुणी फिरकत नव्हतं. मग विमने ओळखीतून फिनलंडच्या एका क्लबला लिहिलं. मार्चमध्ये उत्तर आलं. त्यांच्या ज्युनियर संघात एक जागा होती. त्यांना एक पूर्ण सामना हवा होता, तिन्ही डाव, कुठेही न कापलेला, आणि कॅमेरा सतत त्या खेळाडूवर. सोमवारच्या आत. किरिल अठराचा होत आला होता. यंदा नाही तर त्या संघात वयामुळे कधीच नाही.

मोसमातला शेवटचा सामना शनिवारी होता. आधीचे सगळे सामने मी टिपले होते, पण ते निरुपयोगी होते. का, ते तुम्ही ओळखलंच असेल. त्यांत राजस होता. राजस बाकावर बसलेला, राजस पाणी पिताना, राजस हेल्मेटचा पट्टा सैल करताना. पोरगा गुणी आहे, पण खेळायची संधी त्याला सामन्यात जेमतेम दोन मिनिटं मिळायची.

शनिवारी गाडीतून उतरताना किरिल म्हणाला, “अंकल, प्लीज. आज फक्त मी. पक माझ्याकडे नसेल तेव्हासुद्धा.”

“अरे, डोंट वरी!” शैलेंद्र म्हणाला. “आज मी तुझा ऑफिशियल कॅमेरामन!”

आणि खरं सांगतो, पहिले दोन डाव त्याने शब्द पाळला. मीही डोळ्यात तेल घालून काम केलं. किरिलचं प्रत्येक वळण, प्रत्येक धाव माझ्यात उतरली. तिसऱ्या डावात आमच्या संघातला एक मुलगा पाय मुरगळून बाहेर गेला. विमने बाकाकडे बघितलं आणि राजसला खूण केली. किरिलच्या डाव्या बाजूला, थेट पहिल्या फळीत.

“मृदुला, राजस! आपला राजस उतरला!” शैलेंद्र ओरडला, आणि त्याने माझी मान वळवली.

मित्रांनो, दोघंही एकाच बर्फावर होते. त्याने मला नुसतं थोडं मागे घेतलं असतं तरी दोघं मावले असते. पण बारशापासूनची खोड. त्याने झूम केलं. माझ्या अख्ख्या डोळ्यात राजसचं घामेजलेलं नाक! मी पिपाणीसारखी बॅटरीची शिट्टी वाजवली. ओरडायला तेवढंच माझ्याकडे आहे. त्याने ऐकलं नाही. मला हात नाहीत, मला माझी मान स्वतः वळवता येत नाही. जिकडे फिरवाल तिकडे बघायचं, हाच माझा जन्म.

चौकटीबाहेर काहीतरी घडत होतं. लोक उठून उभे राहत होते. पुढे कळलं की किरिलने आपल्याच गोलच्या मागून पक उचलला, तिघांना चकवलं, गोलकीपरला आडवं पाडलं आणि स्वतः गोल न मारता न बघता मागे पास दिला. माझ्याकडे त्यातलं काय आहे? राजसचं नाक. मग डावीकडून एक काळा ठिपका येतो, राजसच्या काठीला लागतो आणि जाळ्यात जातो. त्यानंतर शैलेंद्रने आनंदाने उडी मारली, तिपाई कलंडली, आणि उरलेला वेळ मी छतावरचे दिवे बघत बसलो. सगळी मिळून सहा मिनिटं.

गाडीत किरिलने विचारलं, “अंकल, सगळं आलं ना?”

“एव्हरीथिंग! फुल्ल!” शैलेंद्र म्हणाला. खोटं नव्हता बोलत. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि याचाच मला जास्त संताप येतो.

घरी येताच त्याने मला टीव्हीला जोडलं आणि पुण्याला बहिणीला, मंजूषाला, व्हिडिओ कॉल लावला. तिने चारदा बघितलं. “दादा, पुन्हा लाव ना! काय गोल मारलाय आपल्या राजसने!”

राजस दारात उभा होता. “बाबा, व्हेअर इज किरिल?”

“अरे, तुझा गोल बघ ना आधी.”

“मी फक्त काठी ठेवली होती! गोल त्याचा होता. बाबा, कुठे आहे तो? पुढे ने. अजून पुढे.” पुढे दिवे होते. राजसचा चेहरा पडला. “दे वाँटेड द फुल मॅच,” तो म्हणाला आणि जिना चढून गेला.

शैलेंद्रने कॉल बंद केला. मृदुलाने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, “आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तेच केलंस ना रे? दोन वर्षं आपल्या ताटात जेवलाय तो मुलगा.”

 रविवारी शैलेंद्रने स्टँडमधल्या पालकांना फोन केले. प्रत्येकाकडे चित्रण होतं, प्रत्येकाच्या स्वतःच्या मुलाचं. एकाच्या कोपऱ्यात किरिलची पाठ तेवढी सापडली. सोमवारी त्याने आहे ते पाठवून दिलं आणि चूक आपली असल्याचं सविस्तर पत्र जोडलं. चार दिवसांनी उत्तर आलं. पहिले दोन डाव उत्तम आहेत, पण थकलेला खेळाडू शेवटच्या डावात कसा खेळतो ते आम्हाला बघायचं असतं. जागा दुसऱ्या मुलाला दिली आहे.

शैलेंद्र स्वतः किरिलच्या घरी जाऊन हे सांगून आला. मला त्याने बरोबर नेलं होतं, का कोण जाणे. कदाचित शिक्षा म्हणून. किरिलने ऐकून घेतलं. तो आरडाओरडा करील असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, “बाकी सगळं मी पुन्हा खेळून दाखवीन, अंकल. ती सहा मिनिटं नाही. तसं मला परत जमेल की नाही, मला माहीत नाही.”

“सॉरी, बेटा,” शैलेंद्र म्हणाला. किरिलने दार लावून घेतलं. त्यानंतर सरावाला तो बसने जाऊ लागला, ती अजस्र बॅग आणि काठ्या घेऊन.

आता तो सकाळी सुपरमार्केटात दुधाचे कार्टन लावतो आणि संध्याकाळी सराव करतो. ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या एका छोट्या क्लबने त्याचा सामना बघायची तयारी दाखवली. फिनलंडच्या तुलनेत हे काहीच नाही, पण दार आहे. व्हिडिओ कोण काढणार? विमचे हात संघात गुंतलेले, आईची ड्युटी. शेवटी राजसच किरिलशी बोलला आणि त्याला घेऊन घरी आला. किरिल शैलेंद्रशी बोलला नाही. त्याने फक्त मला उचलून माझं भिंग तपासलं आणि परत टेबलावर ठेवलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंची काळजी घ्या, धूळ पुसा, बॅटरी काढून ठेवा, हे तुम्हाला सगळे सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. दुसऱ्याच्या मुलाचं काम अंगावर घेतलंत, तर तेवढा वेळ आपल्या मुलाला विसरायची तयारी ठेवा. ते जमणार नसेल तर आधीच नाही म्हणा. त्यात लाज नाही. ‘एव्हरीथिंग, फुल्ल’ म्हणण्यात आहे.

ऑक्टोबरमधल्या त्या सामन्याला निघताना राजस म्हणाला, “बाबा, मी उतरलो तर बघू नकोस हां.” तिसऱ्या डावात किरिल बर्फावर होता आणि विमने राजसलाही उतरवलं. तिपाईच्या दांड्यावरचा शैलेंद्रचा हात मला राजसकडे वळवायला निघाला. मग त्याने तो हात काढला, दुसऱ्या हाताने दांडा घट्ट धरला आणि मला किरिलवरच ठेवलं. मृदुला शेजारी किंचाळली, सगळा स्टँड उठून उभा राहिला, कुणीतरी शैलेंद्रच्या पाठीवर थाप मारली. माझ्या डोळ्यासमोर किरिल होता, पकपासून लांब, दमलेला, आणि तरीही मागे धावत येणारा.

राजसने त्या दिवशी काय केलं ते मला विचारू नका. मला माहीत नाही.