सिल्वेस्त्रासच्या फाटकासमोर

मी क्रूस बोलतोय. लिथुआनियातल्या एका खेड्यात, कच्च्या रस्त्याच्या कडेला उभा असलेला, ओकच्या लाकडाचा. हात जोडू नका, गरज नाही. माझ्याशेजारी सरकारी पाटी आहे. 'लोकश्रद्धेचा सुंदर नमुना' असं तिच्यावर लिहिलंय. पर्यटक ती वाचतात, मान हलवतात, माझ्याबरोबर फोटो काढतात आणि पावाचे कागद माझ्या पायाशी टाकून निघून जातात. श्रद्धा म्हणे. मला सुडाने उभं केलंय, आणि ते सांगायची मला लाज नाही.

मोतेयुस आणि सिल्वेस्त्रास यांची शेतं लागून होती. एका सकाळी बांधाचा दगड मोतेयुसच्या शेतात सरकलेला दिसला. तो जाब विचारायला गेला. सिल्वेस्त्रासने कुंपणाचा खुंट उपटला आणि त्याच्या डोक्यात घातला. मोतेयुस इथेच, या रस्त्यावर पडला तो उठलाच नाही. बघणारं कुणी नव्हतं. कोर्टाने सिल्वेस्त्रासला सोडून दिलं आणि तो शीळ घालत घरी आला.

मोतेयुसच्या बायकोने, बार्बोराने, अंगणातला ओक तोडायला लावला. तो ओक म्हणजे मी.

क्रूस घडवणारा सुतार कचरत होता. म्हणाला, "बाई, क्रूसावर असं कुणी लिहितं का? एखादी प्रार्थना कोरतो."

"प्रार्थना माझ्या तोंडपाठ आहे," बार्बोरा म्हणाली. "तू नाव कोर."

मग त्याने माझ्या खांबावर वर कोरलं, 'इथे मोतेयुस पडला'. आणि खाली, 'शेजारी सिल्वेस्त्रासच्या हातून'. मला रोवलं ते बरोबर सिल्वेस्त्रासच्या फाटकासमोर, बार्बोराच्या हद्दीत, म्हणजे त्याला हात लावायची सोय नाही. आमच्याकडे क्रूसासमोरून टोपी न काढता जाणाऱ्याला गाव माणसात धरत नाही. बार्बोराचा हिशेब साधा होता. घरातून बाहेर पडायचं तर सिल्वेस्त्रासने रोज मेलेल्यासमोर डोकं उघडं करायचं.

त्याने केलं नाही. मागचं कुंपण फोडून तो दलदलीतून ये-जा करू लागला. रविवारी चर्चमध्ये पोचायचा तो गुडघ्यापर्यंत चिखलात माखून. मे महिन्यात गावातल्या बाया संध्याकाळी माझ्याभोवती जमून येशूच्या आईची, मारियाची गाणी म्हणत, तेव्हा तो खिडक्यांची दारं लावून आत घामाघूम होत बसायचा. बार्बोराचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. ते दिवस मला फार आवडायचे.

पुढे दोघंही मेली. मग देवाचं नाव काढायची चोरी असलेलं राज्य आलं. नेमका तेव्हाच माझा बुडखा कुजला आणि वादळात मी आडवा झालो. आमच्याकडे अशा वेळी कुजलेला भाग कापतात आणि क्रूस पुन्हा रोवतात, म्हणून जुने क्रूस पिढी दर पिढी बुटके होत जातात. पण नोकरी जाईल या भीतीने करवत कोण धरणार? बार्बोराच्या लेकीच्या घरात पुरुषमाणूस नव्हता.

करवत घेऊन आला तो लेओनास, सिल्वेस्त्रासचा मुलगा.

कूज वीतभरच होती. त्याने मला मांडीएवढ्या उंचीवर कापलं. बापाचं नाव असलेला माझा पाय खांद्यावर टाकला आणि घरी नेला. उरलेल्या मला नीट ठोकून उभं केलं. गाव म्हणालं, काय धाडसाचा माणूस! दुसऱ्या दिवसापासून लेओनास पुढच्या फाटकाने जाऊ लागला. मला बघून टोपी काढायचा आणि गालात हसायचा. चोर तो चोर, वर शिरजोर. तेव्हापासून एकच गोष्ट मागत उभा आहे, माझा पाय परत द्या.

आता माझा बुडखा पुन्हा कुजलाय. कापायचं तर मोतेयुसचं नाव जाईल. म्हणून वारसा खात्याच्या बाई गाडी घेऊन आल्या. मला संग्रहालयात ठेवणार आणि इथे नवा क्रूस उभारणार. बार्बोराची नात दोमित्सेले काठी टेकत आली. समोरच्या फाटकात लेओनासचा मुलगा विंत्सास हाताची घडी घालून उभा होता. दोघंही सत्तरीच्या पुढची, जन्मभर एकमेकांना पाण्यात पाहणारी.

"नव्यावर दोन्ही ओळी कोरा," दोमित्सेले म्हणाली.

"आजी, मला एकच ओळ दिसतेय. ऐकीव गोष्ट कशी कोरणार? पुरावा लागतो," खात्याच्या बाई म्हणाल्या.

"पुरावा याच्या बापाने कापून नेला." तिने काठी विंत्सासकडे रोखली. "विचारा त्याला. चोराचा पोर."

"तुझी जीभ बघ, म्हातारे. बटाटे सोलता येतील तिने," विंत्सास म्हणाला आणि फाटक आपटून आत गेला.

मला वाटलं, संपलं. पण तो एकचाकी गाडी ढकलत परत आला आणि तिच्यातलं ओझं त्याने दोमित्सेलेच्या पायाशी ओतलं. ओकचा काळपट ओंडका. धूळ होती, कोळिष्टकं होती, पण अक्षरं शाबूत होती. माझा पाय.

"घे. इतकी वर्षं कोठारात पडलाय," तो म्हणाला. "क्रूसाचं लाकूड चुलीत घालता येत नाही, घर जळतं. बाप घाबरला, मीही घाबरलो. आता माझा मुलगा आयर्लंडमधून येऊन घर विकेल आणि नवा मालक यावर मांस भाजेल. ते पाप मला नको. तुला घाबरून दिलं असं समजू नकोस."

दोमित्सेले वाकली. शेजारी सिल्वेस्त्रासच्या हातून, असं तिने बोट फिरवत मोठ्याने वाचलं. मग खात्याच्या बाईंना म्हणाली, "मिळाला ना पुरावा? कोरा."

बाई विंत्सासकडे बघू लागल्या. तो म्हणाला, "कोरा. खरं आहे ते."

तर बाईसाहेब, तुम्ही नवा क्रूस खुशाल उभारा. पण मला तुमच्या काचेच्या खोलीत नेऊ नका. तिथे मी कुणाच्या फाटकासमोर असणार? नव्याच्या मागे मला आणि माझ्या पायाला एकत्र टेकवून ठेवा. आम्ही तिथेच कुजू.

बाई ओंडक्याचे फोटो काढत होत्या. ओला बर्फ पडायला लागला होता. विंत्सासने रिकामी गाडी वळवली, चार पावलं गेला आणि थांबला. मग मागे फिरला, ओंडक्यासमोर उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. टक्कल पडलेलं डोकं, त्यावर बर्फ वितळून पाणी कानामागून गळ्यात उतरत होतं. तो दोमित्सेलेकडे बघत होता. घाल आता टोपी, एवढं ती म्हणेल म्हणून.

ती म्हणाली नाही. मीही म्हटलं नसतं.