तिवरांतली रेघ

भटूने चपला काढून हातात घेतल्या आणि गाळात पाय घातला. ओहोटी लागून बराच वेळ झाला होता, तरी पाय घोट्यापर्यंत आत जात होता. मागून रंजना साडी वर खोचून येत होती. तिवरांच्या फांद्या बाजूला सारत दोघं नेहमीच्या झाडापाशी आली. रंजनाने डबा उघडून बुंध्याशी दूध ओतलं, हात जोडले आणि उठताना तिला तो बांबू दिसला. झाडाच्या पलीकडे चिखलात रोवलेला, टोकाला लाल फडकं.

"हाई काय शे?" तिने विचारलं.

"माले काय ठाऊक. चाल, भरती येई."

पण ती हलली नाही. तेवढ्यात पलीकडून पायांचा चुबुक चुबुक आवाज आला आणि झाडांतून एक मुलगी बाहेर पडली. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, गळ्यात दोरीने अडकवलेली फळी आणि फळीवर चिमट्याने लावलेला नकाशा. तिने आधी गुजरातीत काही विचारलं. मग दोघांचं बोलणं कानावर पडलं असावं, ती मराठीत म्हणाली,

"खानदेशातले का तुम्ही? मीही सुरतेचीच, भेस्तानची. वडील रेल्वेत आहेत. वृषाली माझं नाव."

"आम्ही कोसाडला राहतो," भटू म्हणाला. "मी लूमवर आहे. ही घरी साड्यांना टिकल्या लावते."

"मग इतक्या लांब इकडं कशाला येता, काका?"

तिने सहज विचारलं. तिचं कामच ते होतं. या किनाऱ्यावर कोण मासे धरतं, कोण तिवरं तोडतं, कोण गुरं सोडतं, सगळं नकाशावर उतरवत ती महिनाभर फिरत होती. भटू खाडीकडे बघू लागला. उत्तर रंजनाने दिलं.

"आमची मुलगी आहे इथं."

वृषालीने इकडेतिकडे पाहिलं. झाडांमागे कुणी लहान मूल खेळत असेल, असं तिला वाटलं. मग तिची नजर बुंध्याशी गेली. चिखलात दुधाचा पांढरा ओघळ अजून जिरला नव्हता. ती काही बोलली नाही.

मुलगी झाली तेव्हा भटू खाडीपलीकडच्या कारखान्याच्या बांधकामावर होता. किनाऱ्यालाच झोपडी होती. मुलीचं बारसंही झालं नव्हतं. तापाने फणफणली आणि गेली. गावाची स्मशानाची जागा गावाच्या लोकांची, उपऱ्या मजुरांना तिथे कोण विचारतो. एका मच्छीमाराने ही तिवरांतली उंचवट्याची जागा सांगितली. भटू एकटाच आला, खड्डा केला, वर दगड ठेवला आणि परत गेला. रंजना बाळंतीण होती. चालायला लागली तसं तिने एकच धरलं, मला जागा दाखव. तोवर पौर्णिमेचं उधाण येऊन गेलं होतं. दगड नव्हता, उंचवटाही जागेवर नव्हता, आणि सगळी झाडं एकासारखी एक. रंजना मागे फांदी धरून उभी होती, तिला उभं राहवत नव्हतं. भटूने समोरच्या मोठ्या तिवरावर हात ठेवला आणि म्हणाला, "हाई."

त्यानंतर दर भादव्यात ती आली. प्लेगच्या वर्षी सगळी सुरत पळाली तेव्हा तीही गावाकडे पळाली, तेवढं एकच वर्ष चुकलं. दूध ओतताना भटू चार पावलं लांब उभा राहायचा. त्याला बघवत नाही, असं रंजना शेजारणींना सांगायची.

"मावशी," वृषाली जपून म्हणाली, "हे मला लिहावं लागेल. तिवरांचा हा पट्टा राखीव करायचं चाललंय. जिथं लोकांची वहिवाट आहे तेवढी जागा वगळायची, कुणाची अडवणूक नको म्हणून. तुमचं नाव घातलं तर ही जागा वगळली जाईल. तुम्हाला येता येईल."

"अन् वगळली त्या जागेचं काय करतात?"

वृषालीने लाल फडक्याच्या बांबूकडे बोट केलं. "ती हद्दीची कच्ची खूण. पलीकडे जेटी होणार आहे. वगळलेली जागा बहुतेक तिच्यात जाईल."

"म्हणजे खोदतील."

"गाळ काढतील. हो, खोदतील."

"अन् राखीव झाली तर?"

"मग कुणीच जायचं नाही. मासे धरायला नाही, लाकडाला नाही. तुम्हालाही येता येणार नाही, मावशी."

रंजनाने पदराने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली.

"मग लिहा, इथं कुणी येत नाही," ती म्हणाली.

वृषालीने भटूकडे पाहिलं. भटूने मान हलवली. खरं तर त्याला हलकं वाटलं. आता येणं नाही, लांब उभं राहणं नाही, त्या झाडाकडे बघणं नाही. इतकी वर्षं छातीवर असलेलं काहीतरी कुणी न विचारता उचलून नेत होतं.

वृषालीने हिरवी पेन्सिल काढली आणि फळी दोघांना दिसेल अशी धरली. "ही खाडी. हे आपण उभे आहोत ते. हे तुमचं झाड." तिने झाडाला वळसा घालून रेघ ओढली. रेघ झाडामागून निघून किनाऱ्याकडे वळली. रेघेच्या आत हिरवं, बाहेर कोरा कागद. तो कोरा भाग जिथे होता तिकडे भटूने वळून पाहिलं. लाल फडक्याच्या पलीकडे विरळ झाडं होती, मग रोपं, मग उघडा गाळ, मग खाडी.

"ताई," तो म्हणाला, "रेघ जरा पुढं न्या."

"किती?"

"पार खाडीपर्यंत. अन् या बाजूनं त्या वळणापर्यंत."

"पण काका, झाड तर आतच आलंय. बघा ना."

भटू कागदाकडे बघत राहिला. त्याच्या कानशिलांवर घाम आला होता.

"पुढं न्या," तो पुन्हा म्हणाला. त्याने कागदाच्या कोऱ्या भागावर बोट टेकवलं.

रंजनाने त्याच्याकडे पाहिलं. मग झाडाकडे, मग बांबूपलीकडच्या गाळाकडे, आणि पुन्हा त्याच्याकडे. भटूने मान वर केली नाही. दूर कुठेतरी होडीचं इंजिन सुरू झालं आणि बंद पडलं.

"हा ताई," रंजना म्हणाली. "तठलगून घ्या. सगळं घ्या."

वृषालीला काय वाटलं कोण जाणे. तिने पुन्हा विचारलं नाही. "रोपं फुटलीत तिकडे," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "नेता येईल." तिने आधीची रेघ खोडली आणि नवी ओढली, खाडीच्या काठाकाठाने, वळणापर्यंत. मग आतली जागा पेन्सिल आडवी धरून भरू लागली. ती भरून होईपर्यंत दोघं तिथेच उभी होती.

परतताना रंजना पुढे चालली. गाळ संपून वाळू लागली, पुढे रिक्षांचा थांबा दिसू लागला. भटू दोन हात मागे होता. ती आता विचारील, आता विचारील, असं धरून चालत होता. थांब्याजवळ येऊन ती थांबली, पण वळली नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "मोठी जागा भेटनी तिले."